अर्ध्या सत्राचे गुण

मागच्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात न्यू जर्सीहून माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला. ती तिथल्या एका कम्युनिटी कॉलेजात दुसरे वर्ष शिकत होती. पुढची दोन वर्षे मोठ्या विद्यापीठात करावीत म्हणून ती अर्ज भरत होती. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाण्याच्या अशा अर्जाला तिकडे ट्रान्सफरचा अर्ज म्हणतात. ती म्हणाली, "मामा, तू जुनी गुणपत्रकं जमवतोस ना? मग सांग, परीक्षाच झाली नाही तर गुण कुठून आणायचे?"

तिने पाठवलेला कागद मी छापून घेतला. एका पानाचा साधा तक्ता होता. विषयाचे नाव, त्याची क्रेडिट, आजच्या तारखेची श्रेणी, शिक्षकाचे नाव आणि शिक्षकाची सही. वर शीर्षक होते 'मिडटर्म रिपोर्ट', म्हणजे अर्ध्या सत्राचा अहवाल. गेली वीसेक वर्षे मी शाळा-कॉलेजांचे जुने कागद गोळा करतो आहे. दाखले, हजेरीपट, प्रगतिपुस्तके, परीक्षेच्या पावत्या असे पुष्कळ काही माझ्या कपाटात आहे. पण अजून न संपलेल्या अभ्यासक्रमाची श्रेणी मागणारा कागद मी प्रथमच पाहत होतो. त्याच्या मागे लागून जे वाचले आणि जे ध्यानात आले, ते इथे मांडतो आहे.

आधी हा कागद लागतोच कशाला, ते पाहू. अमेरिकेत बहुतेक कॉलेजांचे वर्ष दोन सत्रांचे असते. पहिले सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरात संपते, दुसरे जानेवारीत सुरू होऊन मे महिन्यात. बदलीच्या अर्जांची मुदत मात्र अनेक खासगी विद्यापीठांत मार्चमध्येच संपते. येलची १ मार्च आणि कॉर्नेलची १५ मार्च ही तारीख बरीच वर्षे चालत आलेली आहे. त्या दिवशी अर्जदाराच्या अधिकृत गुणपत्रकावर, ज्याला ते ट्रान्सक्रिप्ट म्हणतात, डिसेंबरपर्यंतचीच नोंद असते. चालू सत्रातल्या विषयांसमोर श्रेणीची जागा कोरी असते. निकाल लावायचा असतो साधारण मे महिन्यापर्यंत. ही कोरी जागा लहान नाही. कॉलेजात पहिल्याच वर्षाला असलेला विद्यार्थी मार्चमध्ये अर्ज करतो, तेव्हा त्याच्या नावावर एकच पूर्ण सत्र जमा असते. दुसऱ्या सत्रात तो काय करतो आहे हे कळले नाही, तर विद्यापीठाला अर्ध्या माहितीवर निवड करावी लागते. म्हणून चालू सत्राची आजची स्थिती हा कागद विचारतो.

अमेरिकेत एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवण्याची 'कॉमन ॲप्लिकेशन' नावाची व्यवस्था आहे. १९७५ साली १५ खासगी कॉलेजांनी ती सुरू केली. आज हजाराहून अधिक संस्था तिच्यात आहेत. बदलीच्या अर्जासाठी तिचे जे नमुने आहेत, त्यात हा अहवालही आहे. सगळीच विद्यापीठे तो मागत नाहीत. जी मागतात, त्यांच्यासाठी विद्यार्थी स्वतः तक्ता घेऊन एकेका शिक्षकाकडे जातो. शिक्षक त्या दिवशीची श्रेणी लिहितो आणि सही करतो. उत्तरपत्रिका अजून तपासून झाल्या नसतील, तर तसे लिहितो किंवा कामाबद्दल दोन शब्द लिहितो. पुढे सत्र संपल्यावर अंतिम गुणपत्रक पाठवावेच लागते आणि मिळालेला प्रवेश त्याच्यावर अवलंबून राहतो. मार्चचा कागद मे महिन्याच्या कागदाची जागा घेत नाही. मधल्या काळात निवड करणाऱ्याला आधार मिळावा एवढेच त्याचे काम.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो. परीक्षा संपली नाही, तर श्रेणी येते कुठून?

तिच्या कॅल्क्युलसच्या विषयाचे उदाहरण घेऊ. सत्राच्या पहिल्या दिवशी शिक्षकाने दिलेल्या सिलॅबसमध्ये कोणत्या कामाला किती भार ते लिहिलेले होते. गृहपाठाला २० टक्के, दोन चाचण्यांना प्रत्येकी २० आणि शेवटच्या परीक्षेला ४०. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निम्मा गृहपाठ आणि एक चाचणी एवढेच झाले होते. म्हणजे १०० पैकी १० अधिक २०, असे ३० गुण ठरून गेले होते आणि ७० ठरायचे होते. तिला गृहपाठात १० पैकी ९ मिळाले होते, चाचणीत २० पैकी १४. एकूण ३० पैकी २३. टक्केवारी निघते ७६.७. तिथल्या नेहमीच्या शिडीवर ही सी श्रेणी होते.

हाच हिशोब पुढे नेऊन पाहा. उरलेल्या ७० गुणांत तिने ९० टक्के मिळवले तर ६३ होतात, जुने २३ धरून ८६, म्हणजे बी. सगळेच्या सगळे ७० मिळवले तर ९३, आणि पुष्कळ ठिकाणी ए श्रेणी ९३ पासूनच सुरू होते. उलट ७० पैकी निम्मेच मिळाले तर एकूण ५८ होतात, म्हणजे नापास. मार्चच्या तक्त्यात जे 'सी' लिहिले जाते, त्याच्या पोटात ए पासून नापासपर्यंतच्या सगळ्या शक्यता असतात. ते अक्षर भविष्य सांगत नाही. आजवर झालेल्या कामाचा तो भागाकार आहे. छेदस्थानी १०० न घेता ३० घेतले आहेत, एवढे ज्याला समजले त्याला हा कागद समजला.

भाचीला मी फोनवर हेच सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "हे मला माहितीये रे मामा. पण त्यांना माहितीये का?" प्रश्न रास्त होता. अर्ज वाचणाऱ्यालाही एकच अक्षर दिसते. म्हणून मी तिला सुचवले की शिक्षकांना जमत असेल तर श्रेणीशेजारी एक ओळ लिहायला सांग, किती भाग झाला आणि किती उरला एवढीच. गणिताच्या सरांनी ती लिहिली. रसायनशास्त्राच्या बाईंच्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, त्यांनी प्रयोगशाळेतले काम नियमित आहे असे लिहून सही केली. इंग्रजीच्या सरांनी तीन ई-मेलनंतर मुदतीच्या आदल्या दिवशी उत्तर दिले. त्या आठवड्यात तिच्या घरी कोणाला नीट झोप लागली नाही.

या कागदात मला सर्वांत नवलाची वाटली ती सही. विद्यापीठाचा शिक्का नाही, परीक्षा विभागाची मोहर नाही. वर्गात शिकवणारा माणूस म्हणतो की हिचे काम आज इथवर आले आहे, आणि दुसरे विद्यापीठ ते ऐकून घेते. हे कसे शक्य झाले, याचे उत्तर तिथल्या इतिहासात आहे.

अमेरिकेत जो शिकवतो तोच परीक्षा घेतो आणि तोच श्रेणी देतो. १७८५ साली येलचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी ५८ विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन त्यांची चार लॅटिन नावांच्या गटांत वाटणी केली आणि ती आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. वरच्या गटात २०, त्याखाली १६, मग १२ आणि तळाशी १०. श्रेणी देण्याच्या अमेरिकेतल्या आरंभीच्या नोंदींपैकी ही एक मानतात. अक्षरांची शिडी पुढे आली. माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात ती १८९७ मध्ये वापरात होती.

दुसरी गोष्ट घडली ती क्रेडिटची. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट १८६९ साली अध्यक्ष झाले आणि त्यांनी विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मोकळीक वाढवत नेली. प्रत्येकाने वेगवेगळे विषय घेतले की शेवटी त्यांची बेरीज कशी करायची, हा प्रश्न येतो. त्याला वळण मिळाले ते अनपेक्षित दिशेने. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. हा पैसा वाटणाऱ्या प्रतिष्ठानाला 'कॉलेज' कशाला म्हणायचे ते ठरवावे लागले. प्रवेशाआधी किती तासांचे शालेय शिक्षण झालेले असावे, याचे माप त्यांनी घातले. निवृत्तिवेतन हवे तर माप पाळा. अध्यापनाचे तास मोजण्याची ही सवय पुढे कॉलेजांतही रुजली आणि विषय ही सुटी, मोजता येणारी, एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येणारी वस्तू झाली.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन वर्षांची कॉलेजे. शिकागो विद्यापीठाचे विल्यम रेनी हार्पर यांच्या कल्पनेतून १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावी पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज उघडले. पहिली दोन वर्षे घराजवळ शिका आणि मग मोठ्या विद्यापीठात जा, असा तो विचार. कॅलिफोर्नियाने १९६० च्या आपल्या बृहत् आराखड्यात हाच मार्ग पक्का केला. सर्वांना खुली असलेली स्थानिक कॉलेजे खाली, विद्यापीठे वर आणि मध्ये बदलीचा जिना. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले बराक ओबामा १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजातून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बदली घेऊनच.

या जिन्याच्या पायऱ्या गुळगुळीत आहेत असे मात्र नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००४ ते २००९ या काळात सुमारे ३५ टक्के विद्यार्थ्यांनी एकदा तरी कॉलेज बदलले आणि बदलताना त्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली. ट्रान्सफर मिळाली तरी शिकलेले सगळे सोबत येत नाही.

सगळीकडे शिक्षकाची सही लागते असेही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाची रीत वेगळी आहे. तिथे शरद ऋतूतच अर्ज भरायचा, पूर्ण झालेल्या आणि चालू विषयांची यादी विद्यार्थ्याने स्वतः द्यायची आणि जानेवारीत आलेल्या श्रेणी स्वतःच भरायच्या. त्या वेळी कोणी ट्रान्सक्रिप्ट मागत नाही. प्रवेश मिळाल्यानंतर अधिकृत गुणपत्रक १ जुलैपर्यंत पोचवावे लागते. तफावत आढळली तर प्रवेश काढून घेता येतो. एका रीतीत शिक्षकाच्या शब्दावर भिस्त, दुसरीत विद्यार्थ्याच्या. तपासणी दोन्हींत होते, पण शेवटी.

इथवर वाचल्यावर मला माझे कपाट उघडावेसे वाटले. आपल्याकडे असा अर्ध्या वाटेवरचा कागद कधी होता का?

होता. 'टर्म ग्रँट' होणे हा शब्द माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. हजेरी पुरेशी भरली की कॉलेज सत्र मान्य करत असे आणि मगच परीक्षेला बसता येई. सत्र मंजूर म्हणजे मुलगा वर्गात येऊन बसला होता. तो शिकला का, हे त्या कागदाला सांगता येत नसे, कारण ते सांगण्याचा अधिकार वर्गातल्या शिक्षकाला दिलेलाच नव्हता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. विद्यापीठांनी स्वतः शिकवण्याची तरतूद १९०४ च्या कायद्याने झाली, पण संलग्न कॉलेजांचा साचा कायम राहिला. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये परीक्षांच्या सुधारणेला सर्वांत वरचे स्थान दिले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अंतर्गत मूल्यमापनावर आणि चांगल्या कॉलेजांच्या स्वायत्ततेवर भर दिला. तरीही गुण म्हणजे विद्यापीठाने दिलेला आकडा, हीच समजूत आपल्या हाडात मुरलेली आहे.

या समजुतीला एक भक्कम कारणही आहे, ते टाळून चालणार नाही. बाहेरच्या परीक्षकाला उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक दिसतो, आडनाव दिसत नाही. ज्यांच्या आडनावावरून वर्गातली जागा ठरत होती, अशा घरांतल्या मुलांना त्या क्रमांकाने किती मोठे संरक्षण दिले, हे मला अनेकांनी सांगितले आहे. शिक्षकाच्या हाती श्रेणी सोपवली की त्याची मर्जी, त्याचा राग आणि त्याचे पूर्वग्रहही त्या श्रेणीत उतरू शकतात. आपल्याकडचे अंतर्गत गुण सरसकट भरभरून दिले जातात, ही कुरकुरही सर्वांच्या ओळखीची आहे. तेव्हा 'शिक्षकावर विश्वास ठेवा' एवढे म्हणून भागत नाही.

पण मिडटर्म रिपोर्टचा आधार नुसता विश्वास नाही. तो कागद सिलॅबसवर उभा आहे. कोणत्या कामाला किती भार, हे पहिल्याच दिवशी लेखी दिलेले असते. तपासलेले काम विद्यार्थ्याच्या हाती परत आलेले असते. मी फोनवर बसून जो भागाकार केला, तो माझ्या भाचीने आधीच केला होता आणि सरांनी लिहिलेले 'सी' तिच्या उत्तराशी जुळत होते. जुळले नसते तर ती विचारायला गेली असती. सही शिक्षकाची असली, तरी तिच्यामागचे गणित दोघांना पाहता येते. अर्ध्या सत्रावर कोणी बोलू शकते ते त्यामुळेच. आपल्याकडे शिक्षकाची सही सगळीकडे असते, हे गणित मात्र क्वचितच सोबत असते.

हे मला एवढे का लागले, ते सांगतो. १९८८ साली मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडिलांची बदली झाली आणि घर एका विद्यापीठाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेले. मी कागद जमवले. कॉलेज सोडल्याचा दाखला, मंजूर सत्राची नोंद, स्थलांतर प्रमाणपत्र. नव्या गावी खिडकीपलीकडच्या कारकुनाने ते उलटसुलट पाहिले आणि सांगितले, अभ्यासक्रम जुळत नाही, पहिल्या वर्षापासून बसा. माझ्या पिशवीत रसायनशास्त्राचे जर्नल होते. प्रत्येक प्रयोगाखाली आमच्या सरांची सही होती, काही ठिकाणी 'निरीक्षण उत्तम' असा शेरा. ते मी काचेखालून सरकवले. त्यांनी ते न उघडता परत दिले. त्यांची चूक नव्हती, ते जर्नल वाचण्याचा नियमच नव्हता. घरची स्थिती पुन्हा पहिले वर्ष करण्याची नव्हती. मी नोकरीला लागलो आणि पुढचे शिक्षण ग्रंथालयांतून झाले. त्याची आज खंत नाही, पण सरांच्या त्या सह्या कोणी वाचल्या नाहीत, हे मी विसरलेलो नाही.

आता आपल्याकडेही दार किलकिले झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २८ जुलै २०२१ रोजी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट खात्यात जमा राहतात, साधारणपणे सात वर्षे वापरता येतात आणि एका संस्थेतून दुसरीत नेता येतात. १९८८ मध्ये हे असते तर निदान माझे पहिले वर्ष वाचले असते. पण या बँकेत क्रेडिट जमा करते ती संस्था, विद्यार्थ्याकडून थेट आलेला कागद ती स्वीकारत नाही. बनावट गुणपत्रकांचा अनुभव पाहता ही दक्षता समजण्यासारखी आहे. मात्र तिथे जमा होते ते पूर्ण झालेलेच काम. सत्राच्या मध्यावर घर हलले, बाप आजारी पडला, लग्न ठरले, तर त्या अर्ध्या कामाचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. आपल्याकडे शिक्षण तुटते ते बहुतेक वेळा अशाच मधल्या वळणावर, आणि मुलींचे अधिक.

माझे म्हणणे अमेरिकेचा तक्ता जसाच्या तसा उचला असे नाही. त्याच्या आधीची पायरी आपण चढावी, एवढेच म्हणतो. पहिल्या दिवशी भारांक लेखी द्यावेत, तपासलेली वही विद्यार्थ्याच्या हाती परत द्यावी आणि बेरीज त्याला करू द्यावी. असे वर्ग वाढले की शिक्षकाच्या अर्ध्या सत्राच्या शब्दाला आपोआप वजन येईल, आणि आडनाव पाहून श्रेणी देणाऱ्यालाही आपला हिशोब मांडून दाखवावा लागेल.

मे महिन्यात भाचीला एका विद्यापीठाचा होकार आला, दुसऱ्याचा नकार. कोणत्या अक्षराचा त्यात किती वाटा होता, हे कोणी कळवत नाही. कॅल्क्युलसमध्ये तिला शेवटी बी मिळाला. तिच्या तक्त्याची प्रत मी जपून ठेवली आहे. गणिताच्या सरांनी सहीशेजारी लिहिलेली ती एक ओळ तिच्यावर स्पष्ट वाचता येते. कपाटात ती मी माझ्या जर्नलच्या आत ठेवली आहे.